फुटपाथच्या बाजूचं दार

आमचे हे एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत आहेत. घरात मात्र त्यांना एक खिळा सरळ ठोकता येत नाही, आणि डब्याचं झाकण उघडायचं म्हटलं की आधी माझ्याकडे बघतात. पण गाडीत बसले की हाच माणूस वेगळा होतो. आवाज खाली येतो, हात मांडीवर शांत पडतात, आणि शेजारी कितीही घाबरट माणूस असो, महिन्याभरात तो भर चौकातून वळण घेऊन दाखवतो. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. चारचौघांत मीही मास्तरच म्हणते, घरात ‘अहो’ म्हणते, आणि चिडले की काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

आमचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे घराचीच पुढची खोली. एक टेबल, एक फोन, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि माझी वही. कोणाचा तास कधी, कोणाची परीक्षा कधी, कोण पोटदुखीचं निमित्त सांगून घरी बसलंय, सगळं त्या वहीत. गाडी एकच. तिला ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या. आरसासुद्धा एक जास्तीचा आहे, मास्तरांच्या समोर काचेला चिकटवलेला, तळहाताएवढा. शिकणाऱ्याच्या बाजूने मागून काय येतंय ते मास्तरांना त्यात दिसतं. त्या आरशाने आजवर किती जणांना वाचवलंय याची मोजदाद नाही.

मास्तरांची एक खास पद्धत होती. शिकणाऱ्याने गाडी रस्त्याच्या कडेला लावली की हे खाली उतरायचे, खिशातून शाळेतल्या मुलांची असते तशी लाकडी पट्टी काढायचे, वाकून चाकापासून कडेचं अंतर मोजायचे आणि त्या माणसाच्या कार्डावर आकडा लिहून द्यायचे. लोक ती कार्डं जपून ठेवायचे. परीक्षेत पास झाल्याचा आनंद झाला नसेल एवढा काहींना ‘वीस सेंटिमीटर’चा व्हायचा. मी थट्टा करायचे, की तुम्ही माणसं शिकवता की कपडे शिवता? पण मला ते आवडायचं. शाबासकी मोजून देणारा माणूस तशी फुकटची देत नाही, एवढं लोकांना कळायचं.

त्या गुरुवारी सकाळी ग्रंथपालबाईंचा तास होता. वय अठ्ठावन्न, नोकरी वाचनालयात, आणि गाडीचा वेग असा की शेजारून चालणारा माणूस पुढे जाऊन परत मागे बघायचा. तीनदा नापास झाल्या होत्या. गाडी लावायची म्हटली की त्यांना घाम फुटायचा. त्या दिवशी मात्र त्यांनी शाळेच्या समोरच्या रस्त्यावर, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत, एका झटक्यात गाडी लावली. एकदाही पुढेमागे करावी लागली नाही. मास्तर इतके खूश झाले की म्हणे, “वा बाई, वा!” असं दोनदा म्हणाले. पट्टी काढली, आरशात पाहिलं, दार उघडलं आणि उतरायला एक पाय बाहेर टाकला.

त्या रस्त्यावर तीन महिन्यांपूर्वी बदल झाला होता. आधी गाड्या थेट फुटपाथला लागून उभ्या राहायच्या. आता फुटपाथच्या कडेने सायकलचा पट्टा आखला होता आणि गाड्या त्याच्या बाहेरच्या अंगाला लावायच्या होत्या. म्हणजे फुटपाथच्या बाजूचं दार उघडलं की ते सरळ सायकलच्या पट्ट्यात उघडायचं.

मागून एक बाई सायकलवर येत होती. दाराची कड तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि हँडलवर बसली. ती दारावरून पुढे फेकली गेली.

मास्तरांनी आपला कोट काढून तिच्या डोक्याखाली ठेवला, रुग्णवाहिका बोलावली, ती येईपर्यंत रस्त्यावर मांडी घालून बसून राहिले. घरी आले तेव्हा पट्टी अजून हातातच होती. मी काय झालं विचारलं तर म्हणाले, “दार उघडलं.” बाकीचं मला ग्रंथपालबाईंनी रडत रडत फोनवर सांगितलं.

त्या बाईचं काम केस कापण्याचं. दुकान नाही. जे लोक घराबाहेर पडू शकत नाहीत, अंथरुणाला खिळलेले, फार म्हातारे, डोक्याला हात लावला की घाबरणारी आजारी मुलं, त्यांच्या घरी ती सायकलवरून जायची आणि केस कापून द्यायची. लोक तिला कात्रीताई म्हणायचे. वय पस्तीसच्या आसपास. उजव्या अंगठ्याच्या बुडाचं हाड मोडलं, आत काहीतरी तुटलं, मनगटात दोन सळया घातल्या. कात्री अंगठ्यावर चालते. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी बघू, पकड किती परत येते ते आज सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर फुलं घेऊन हॉस्पिटलात निघाले होते, तेवढ्यात विमा कंपनीच्या वकीलबाईंचा फोन आला. बाई बोलायला गोड, पण शब्दांना इस्त्री केलेली.

“भेटायला जाऊ नका. फुलं पाठवू नका. आणि ‘माफ करा’ हे तर चुकूनही म्हणू नका. पुढे तीच कबुली धरतात.”

“अहो, पण ती बाई माझ्यामुळे पडली,” मास्तर म्हणाले.

“हे वाक्य तुम्ही मला बोललात, ठीक आहे. आणखी कोणाला बोलू नका.”

फुलं आमच्याच टेबलावर पेल्यात राहिली आणि चार दिवसांनी मी ती टाकून दिली. मला राग आला होता, पण नेमका कोणावर ते ठरवता येत नव्हतं. एकतीस वर्षं हा माणूस शिकवतोय की धक्का लागला तर आधी उतरा, आधी माणूस बघा, गाडी नंतर बघा. आणि आता त्यालाच सांगतात, माणसाकडे बघू नका.

अडीच आठवड्यांनी परवाना कार्यालयाकडून एक फॉर्म आला. पानं चार, प्रश्न बावीस. एकवीस प्रश्नांची उत्तरं मास्तरांनी अर्ध्या तासात लिहिली. अकरावा प्रश्न तेवढा तसाच राहिला. ‘दार उघडण्यापूर्वी आपण मागे पाहिले होते काय?’ पुढे दोन चौकोन होते, होय आणि नाही, आणि खाली खुलाशासाठी तीन ओळी.

वकीलबाईंनी फोनवर सगळं उलगडून सांगितलं. गाडीत शिकणारी बाई होती, तिचा जबाब घेऊन झालाय. तिने सांगितलंय, सरांनी आरशात पाहिलं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. म्हणजे मास्तरांनी ‘होय’वर खूण केली की दोन्ही जबाब जुळतात. मग सायकलवाली जोरात आली असणार, तिनेही लक्ष ठेवायला हवं होतं, असा मुद्दा उभा राहतो. अर्धी चूक तिची, अर्धी तुमची. अर्ध्या चुकीला परवाना जात नाही, नुसती ताकीद मिळते.

“आणि ‘नाही’ लिहिलं तर?” मास्तरांनी विचारलं.

“तर शिकवण्याचा परवाना जाईल. किती दिवस, ते कार्यालयाच्या हातात. मास्तर, तुम्ही आरशात पाहिलं ना? मग खोटं कुठे आहे? हात दाखवून अवलक्षण कशाला?”

मला ते पटलं. सरळ सांगते, मला ते अगदी पटलं. यांचं वय बासष्ट, दुसरं काही करता येत नाही, आणि स्कूल बंद म्हणजे सकाळी सात वाजता हा माणूस कपडे करून कुठे बसणार? शिवाय पाहिलं होतं, हे खरंच होतं. ग्रंथपालबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. पुस्तक एक दिवस उशिरा आणलं तर सख्ख्या बहिणीला दंड लावणारी ती बाई. मी म्हटलं, “करा खूण आणि मोकळे व्हा.”

“बघतो,” म्हणाले, आणि फॉर्म घडी करून वहीखाली ठेवला. पुढच्या बुधवारपर्यंत तो परत पाठवायचा होता.

दोन दिवसांनी दुपारी मी चहाला हाका मारतेय तर यांचा पत्ता नाही. बाहेर जाऊन बघते तर दारातल्या उभ्या गाडीत आपल्या नेहमीच्या जागेवर बसलेले. चालवणाऱ्याच्या जागेवर कोणी नाही.

“कोणाला शिकवताय? भुताला?”

“जरा इथे बस,” म्हणाले आणि उतरून मला आपल्या जागेवर बसवलं. “आरशात बघ. काय दिसतं?”

एकतीस वर्षांत मी त्या जागेवर कधी बसले नव्हते. गाडीत मी कायम मागे, पिशव्यांबरोबर. मी त्या तळहाताएवढ्या आरशात बघितलं. रस्ता दिसत होता, पलीकडच्या गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल दिसत होते, मागून येणारा एक टेम्पो दिसत होता.

“बाहेरच्या आरशात?”

बाहेरचा आरसा चालवणाऱ्यासाठी फिरवलेला. मला त्यात भिंतीचा एक तुकडा दिसत होता, बाकी काही नाही.

“आता मी मागून चालत येतो. मान वळवू नकोस. दिसलो की सांग.”

मी दोन्ही आरशांत डोळे लावून बसले. टेम्पो गेला, एक स्कूटर गेली. मास्तर काही दिसेनात. मला वाटलं, कोणाशी गप्पा मारत उभे राहिले असतील. तेवढ्यात माझ्या कानाशीच काचेवर टकटक झाली आणि मी केवढी दचकले! हे दाराला लागून उभे होते. त्या बाजूने चालत आले होते, सबंध गाडीची लांबी, आणि मला एका आरशात त्यांचं बोटसुद्धा दिसलं नव्हतं.

“मी पाहिलं होतं गं,” मास्तर म्हणाले. “पण जिकडून ती येणारच नव्हती, तिकडे पाहिलं. हा आरसा शिकणाऱ्याच्या बाजूचा आहे. माझ्या बाजूला एकतीस वर्षं फुटपाथच होता, तिकडे बघायची मला सवयच नाही. मी दार उघडायच्या आधी रोज या आरशात बघतो आणि मला वाटतं, मी बघितलं.”

मी परत एकदा त्या आरशात बघितलं.

“पोरांना पहिल्या दिवशी सांगतो, लांबच्या हाताने दार उघडा, म्हणजे अंग आपोआप वळतं, मान मागे जाते. आणि मी स्वतः?”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं. एरवी मी गिळणारी नाही.

“पट्टा होऊन तीन महिने झाले होते,” ते पुढे म्हणाले. “तीन महिन्यांत चाळीस-पन्नास जण शिकून गेले माझ्याकडून. मी सांगतो ते कोण ऐकतं? करतो ते बघतात.”

“चहा गार होतोय,” मी म्हटलं. आत येता येता मी त्यांना एवढं मात्र म्हणाले, की घाई करू नका, बुधवारला अजून वेळ आहे. खरं म्हणजे मला वाटत होतं की दोनचार दिवस गेले की ते थकतील आणि ‘होय’वर खूण करतील. माणूस थकला की सोपं करतो, असा माझा अनुभव आहे.

शनिवारी मी मास्तरांना न सांगता कात्रीताईच्या घरी गेले. पत्ता ग्रंथपालबाईंकडून काढला. का गेले ते आज मला नीट सांगता येतं, तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मला ती बघायची होती. उर्मट निघाली तर बरं, तोंडाळ निघाली तर फारच बरं, असं मनात होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. कार्टं एकदा डोळ्यांनी बघितलं की बाब्याची बाजू घ्यायला जोर येतो.

दुसऱ्या मजल्यावर एक खोली, त्याला लागून छोटं स्वयंपाकघर. तिने दार डाव्या हाताने उघडलं. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. ती बारीक होती, केस अगदी आखूड, डोळ्याखाली अजून पिवळसर डाग. खिडकीशी टेबलावर केस लावलेलं एक रबरी डोकं होतं, शिकाऊ लोक वापरतात तसं, आणि त्याच्या कपाळावरचे केस कोणीतरी उंदराने कुरतडल्यासारखे कापलेले.

“डाव्या हाताने जमतं का बघतेय,” ती म्हणाली. “तुम्ही घाबरू नका, जिवंत माणसावर अजून प्रयोग केला नाही.”

झालं. ती उर्मट निघाली नाही.

मी कोण ते सांगितलं. मला वाटलं, दार लावेल. ती म्हणाली, “बसा ना काकू. सर कसे आहेत?”

मी आणलेली फळं टेबलावर ठेवली आणि बसले. हात दुखतो का, झोप लागते का, असं काहीबाही विचारलं. ती सांगत गेली. तिच्या एका आजोबांचं तिला फार वाटत होतं. ते दर दोन आठवड्यांनी तिची वाट बघत, दुसऱ्या कोणाला डोक्याला हात लावू देत नसत. त्यांच्या सुनेने फोन करून सांगितलं होतं की केस कानावर आलेत, पण तुम्ही बऱ्या झाल्याशिवाय कापायचे नाहीत म्हणतात.

मग म्हणाली, “काकू, एक विचारू? सर काही म्हणाले का, मी किती जोरात येत होते?”

“का गं?”

“मला आठवत नाही. कंपनीचे एक जण आले होते, त्यांनी विचारलं. पोलिसांनी विचारलं. मी आठवायला जाते तर नुसतं दार दिसतं. मला वाटायचं मी सावकाशच येत होते, पुढचं घर जवळच होतं. पण ते म्हणाले, सरांनी दार उघडायच्या आधी मागे बघितलं होतं, गाडीतल्या बाईंनी पाहिलंय. आणि एवढे शिकवणारे सर, ते बघितल्याशिवाय कसं उघडतील? म्हणजे मीच कुठून तरी एकदम आले असणार. माझंच लक्ष नसणार.” ती हसायचा प्रयत्न करत होती. “अर्धी चूक माझी, असा कागद दिलाय त्यांनी. सही करायचीय. मला तर वाटतं अर्धीच धरली हे उपकार.”

हे असं काही मला ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. भांडली असती तर मी भांडले असते. हिशेब मागितला असता तर हिशेब दिला असता. ही स्वतःलाच गुन्हेगार ठरवून बसली होती, आणि तिला तिथे बसवलं होतं ते आमच्या आरशाने. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की बाई, त्या आरशात तू दिसणारच नव्हतीस, मी स्वतः बसून बघितलंय. एक वाक्य. चार घरांत ऐकू जाईल एवढ्या आवाजात आयुष्यभर बोलत आले, आणि त्या खोलीत ते एक वाक्य काही निघालं नाही.

“सही घाईने करू नकोस,” म्हटलं आणि उठले.

घरी आले ती कपडे धुवायला बसले. धुतलेलेच परत धुतले. मास्तरांना काही सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, रविवारीही नाही. सांगितलं असतं तर ते तसेच उठून ‘नाही’वर खूण करून आले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून नाही सांगितलं. रविवारी ते फॉर्म काढून बसले, परत ठेवला. मी बटाटे सोलत होते. एकदा तोंड उघडलं आणि विचारलं, भाजीत मीठ कमी आहे का? भाजी अजून चुलीवर चढलीसुद्धा नव्हती.

सोमवारी सकाळी ग्रंथपालबाई आल्या. तास नव्हता, मास्तरांनी अपघातापासून तास घेतलेच नव्हते. त्या टेबलासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, मी खरं तेच सांगितलं ना? सरांनी आरशात बघितलं. मी बघितलं त्यांना बघताना. मग मला असं का वाटतं की मी काहीतरी वाईट केलंय?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मास्तर आतून येऊन दारात उभे होते. मला वाटलं, एका आरशापायी किती माणसं स्वतःला शिव्या देत बसणार आहेत? ती तिकडे, ही इकडे, हा दारात. खरं काय ते पुरतं माहीत होतं, ते फक्त मला. मी हातातली वही खाली ठेवली आणि शनिवारचं सगळं सांगून टाकलं. रबरी डोकं, आजोबा, कागद, ‘मीच एकदम आले असणार’. सगळं.

मास्तरांनी मला रागाने काही म्हटलं नाही. तेच वाईट वाटलं. त्यांनी फॉर्म घेतला, उभ्याउभ्याच ‘नाही’च्या चौकोनात खूण केली आणि खालच्या तीन ओळींत लिहिलं, ‘मी माझ्या आरशात पाहिले. सायकलचा पट्टा त्या आरशात दिसत नाही. मान वळवून पाहायला हवे होते, ते मी केले नाही. सायकलस्वार बाईंचा यात काहीही दोष नाही.’ अक्षर नेहमीसारखं, शाळेतल्या मुलासारखं गोल.

पुढे त्यांचा परवाना सहा महिने गेला, हे आताच सांगून ठेवते, म्हणजे तुमचा जीव तिकडे टांगणीला नको. वकीलबाईंनी फोनवर बोलणं सोडलं आणि पत्रं पाठवायला सुरुवात केली. ते सगळं आम्ही निस्तरलं. मी सांगतेय ते त्याच सोमवारचं आहे.

दुपारी चारला आम्ही दोघं तिच्या दारात उभे होतो. फॉर्म पोस्टात टाकून गेलो, म्हणजे परत फिरायची सोय नको. जिना चढताना मास्तर दोनदा थांबले. गुडघे दुखतात म्हणाले, पण गुडघे त्यांचे उत्तम आहेत.

तिने दार उघडलं आणि मास्तर उंबऱ्याबाहेरूनच बोलायला लागले. शिकवतात तसे, सावकाश, एकेक पायरी.

“तुम्ही जोरात येत नव्हता. येत असता तरी फरक पडला नसता. मी तुमच्या बाजूला बघितलंच नाही. आरशात बघितलं, तो दुसऱ्या बाजूचा आहे. मान वळवली असती तर तुम्ही दिसला असता. चूक सगळी माझी. तसं मी लिहून दिलंय. मला माफ करा.”

एवढं बोलून ते थांबले. मग तिचा चेहरा एकदम हलला आणि ती रडायला लागली, डाव्या हाताने तोंड झाकून, लहान मुलीसारखी हमसाहमशी. मास्तर घाबरले. मी पुढे झाले तर तिने मानेनेच नको म्हटलं.

“म्हणजे मी नव्हते,” ती म्हणाली. “माझं लक्ष होतं.”

“होतं,” मास्तर म्हणाले. “तुमचंच होतं.”

तिने डोळे पुसले. मग हसली, आणि हसता हसता परत तिचा आवाज फाटला. “मग मी सायकल उगाच विकली.”

“कधी?” मी विचारलं.

“काल संध्याकाळी. खालच्या दुकानवाल्याने चाक सरळ करून दिलं होतं. त्याच्याकडे एक गिऱ्हाईक आलं, दुसऱ्या गावचं, लगेच घेऊन गेलं. म्हटलं, आपलं लक्ष राहत नाही तर उद्या कोणा लहान मुलाला धडकायचो. बारा वर्षांची होती.”

मास्तरांना यातलं काही कळलं नाही. ते दुसरी सायकल बघू, मी स्वतः बघतो, असं काहीतरी म्हणत होते. पण मला कळलं, आणि तिलाही कळलं. ती माझ्याकडे बघायला लागली.

“काकू, शनिवारी तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?”

मास्तरांनी फॉर्म अडवून ठेवला तो पाहिल्याचं खोटं लिहायचं नाही म्हणून. मी तोंड अडवून ठेवलं ते कशासाठी, हे मला कोणी विचारलं असतं तर सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. आणि मला विचारायला कुठला छापील कागदही येणार नव्हता, चौकोनांचा.

“माहीत होतं,” मी म्हटलं. “तुझ्यासमोर बसले होते आणि बोलले नाही.”

मला वाटलं, आता ती जा म्हणेल, आणि म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण ती बाजूला झाली, मास्तरांना खुर्ची दाखवली, आणि मला म्हणाली, “चहा टाका. माझ्याने भांडं उचलवत नाही अजून.”

मी आत गेले. बाहेर मास्तर तिला विचारत होते, त्या आजोबांचं घर कुठे आहे, गाडीने किती वेळ लागेल, मी नेऊन आणेन, हात बरा होईपर्यंत तुम्ही नुसतं भेटायला तरी चला. ती त्यांना रस्ता सांगत होती. मी भांडं चढवलं, पाणी ओतलं. साखर कुठे आहे ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एकेक डबा उघडून शोधत राहिले.